कासवांची वई

कोयता माझ्या हातात आला, तो सासऱ्यांनी फेकून मारला म्हणून. मला नव्हे, माझ्या नवऱ्याला. ह्यांनी मान वाकवली, कोयता डोक्यावरून गेला आणि अंगणातल्या फणसाच्या बुंध्यात रुतला. मी पायाचा रेटा देऊन तो उपसला आणि परत दिला नाही. सासरे ओरडले, "आण गो हिकडं!" मी म्हटलं, "परत फेकायला? नाय देत." लग्न होऊन मला दोन वर्षं झाली होती आणि तोवर त्या घरात त्यांना कुणी नाही म्हटलेलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी मला दोरखंडाच्या तुकड्यानं मारलं. त्यांच्या जुन्या गलबतावरचा, डांबरात मुरलेला तुकडा होता तो. त्याचे वळ पंधरा दिवस जात नसत.

माझाही स्वभाव काही गोगलगाईचा नाही. आई म्हणायची, हिच्या सासरच्यांचं काही खरं नाही. पण सासर मिळालं तेही तोडीस तोड. आमचं घर पावसच्या खालच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी होतं. सासूबाई मी येण्याआधीच गेलेल्या. घरात आम्ही तिघं. सासऱ्यांनी तीस वर्षं तांडेलकी केली होती. पुढं एकदा वादळात शिडाची काठी तुटून त्यांच्या गुडघ्यावर पडली, पाय कायमचा वाकडा झाला आणि ते घरी बसले. दर्यावर हुकूम चालवलेला माणूस घरी बसला की घराचं गलबत करतो आणि घरातल्यांचे खलाशी.

त्या दिवशीचं भांडण कासवांवरून होतं. मिठाचा सत्याग्रह झाला त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. वैशाख संपत आला होता, फतेमाऱ्या, म्हणजे मालाची शिडाची गलबतं, पावसाळ्यासाठी किनाऱ्याला लागत होत्या. हे अशाच एका फतेमारीवर खलाशी होते. ह्यांनी वेरावळहून येताना करंडीत घालून दोन कासवं आणली, एक नर, एक मादी. आमच्या खाडीत असतात तसली पाण्यातली नव्हेत, कोरड्या माळावर राहणारी. काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या. बाबांना दिवसभर बसून बघायला काहीतरी होईल, एवढाच ह्यांचा हेतू. सासऱ्यांनी करंडीत डोकावून पाहिलं आणि त्यांचं डोकं फिरलं.

"जमिनीचां जनावर पाण्यावरनं आणलंस? तांडेलाचा पोर ना रे तू?"

त्यांच्या लेखी हा मोठा अपशकुन. मातीची ओढ असलेलं जनावर गलबतावर घेतलं की गलबतही मातीकडं ओढ घेतं, म्हणजे तळाकडं. ह्यांनी हसून सांगितलं, "बाबा, पोचलो ना घरी धडधाकट?" त्या हसण्याला उत्तर म्हणून कोयता आला.

कासवं राहिली. घराच्या मागं कातळाचा चढ होता. तिथं आम्ही दोघांनी जांभ्याचे चिरे रचून गुडघाभर उंचीचा गडगा घातला. त्यानं कासवं आत राहिली असती. पण बाहेरचं आत येऊ नये म्हणून गडग्याभोवती कुंपणाची वई हवी होती. बंदरावरची कुत्री मासळीच्या आतड्यांवर पोसलेली, माजलेली. कोंबडी दिसली की फाडायची. म्हणून जिवंत झाडांची वई, आणि आत कासवांना खायला, सावलीला, लपायला झाडं. सोपं वाटलं होतं. पहिल्याच झाडानं इंगा दाखवला.

सासऱ्यांनी पडवीतून हुकूम सोडला, "शेर लावा." आमच्याकडं जो तो शेराचीच वई लावतो. कांडी खुपसली की जगते, गुरं तोंड लावत नाहीत. गुरं तोंड लावत नाहीत त्या अर्थी कासवंही लावणार नाहीत, असा आम्ही तिघांनीही हिशेब केला. जनावराची अक्कल सगळीकडं सारखीच धरली. पण माळावरच्या त्या जिवांनी शेर जन्मात पाहिला नव्हता. नरानं गडग्यावरून आत लोंबणारं कांडं चावलं. चीक तोंडात, डोळ्यांत. दुसऱ्या दिवशी त्याची जीभ सुजून बाहेर आली होती आणि डोळे चिकटले होते.

मी कोयता घेतला आणि शेर तोडायला सुरुवात केली. रागाच्या भरात वाऱ्याची दिशा कोण बघतो? चीक उडाला तो माझ्या दोन्ही डोळ्यांत. असं वाटलं, कुणी निखारा भरला. मी कातळावर लोळत होते, किंचाळत होते, आणि ह्यांनी मला धरायचा प्रयत्न केला तर ह्यांच्याही कानशिलात लगावली. चार दिवस मला दिसत नव्हतं. हे रोज सकाळी डोळ्यांत तुपाचा थेंब घालायचे. एकदा मला, एकदा कासवाला. म्हणायचे, "दोन रुग्ण. त्यातला एक चावतो. कोणता ते सांगत नाय." मी त्या आंधळेपणातही हसले. असा माणूस होता.

डोळे उघडल्यावर मी ठरवलं, आता कुणाचं ऐकायचं नाही. झाड निवडायची माझी रीत मी बसवली. पान मोडायचं. पांढरा चीक आला तर संशय. मग पान चोळून ओठाच्या आतल्या बाजूला लावायचं आणि दुपारपर्यंत थांबायचं. ओठ जळला नाही, सुजला नाही, तर ते झाड कासवांना. अळवानं माझ्या तोंडाला मुंग्या आणल्या, रानातल्या एका वेलीनं ओठ इतका फुगवला की सासरे ह्यांना म्हणाले, "बायको केलंस की शेळी रे?" पूजेच्या फुलांसाठी लावलेली कण्हेर मी मुळासकट उपटली, कारण तिचा पाला खाल्लेलं वासरू तडफडून मेलेलं मी माहेरी पाहिलं होतं. त्यावरूनही दोरखंड झाला. पण कण्हेर गेली ती गेली.

आत लावलं ते असं. घोळ, कारण ती जमिनीवर पसरते आणि कितीही ओरबाडली तरी पुन्हा येते. हरळी. टाकळा आपोआप उगवला, तो कोवळा होता तोवर ठेवला. एक जास्वंद, तिची पडलेली फुलं नर आधी पळवायचा. पश्चिमेच्या कोपऱ्यात फड्या निवडुंग, त्याचा काट्यांसकट फडा दोघं अशी खायची की बघणाऱ्याच्या तोंडाला टोचावं. आमच्या पावसाची त्या जिवांना सवय नव्हती. पहिल्याच झडीत दोघांची नाकं गळायला लागली. मग चढाच्या वरच्या बाजूला जांभ्याचा चुरा आणि खाडीची वाळू टाकून ओटा केला, त्यावर माडाच्या झावळ्यांचं छप्पर.

आणि गवती चहाचे दाट ठोंब लावले ते मादीसाठी. पावसात नर पिसाळायचा. मान आत ओढून तिच्यावर धावून जायचा आणि कवचावर कवच आपटायचा, ठण्, ठण्, घरात ऐकू येईल इतकं. ती पळायची, हा गाठायचा. पाय चावायचा. ती दिसेनाशी झाली तरच थांबायचा. म्हणून ठोंब असे लावले की या टोकावरून त्या टोकाचं दिसू नये. सासरे मागच्या पडवीत बसून हा खेळ बघायचे आणि खदाखदा हसायचे. त्यांना करमायला लागलं होतं. कबूल मात्र करायचे नाहीत.

बाहेरची वई शेवटी करवंदीची ठरली. तिलाही चीक असतो, पण आपण करवंदं खातो, शेळ्या पाला खातात आणि माझ्या ओठाला काही झालं नाही. काटा असा की कुत्रं एकदा शिरलं तर दुसऱ्यांदा नाव काढणार नाही. आषाढात कातळावरच्या जाळ्यांतून आम्ही रोपं खणून आणली. हातांची चाळण झाली. करवंदीचा दोष एकच, ती सावकाश वाढते. दाट व्हायला तीन वर्षं, कधी चार.

नारळी पौर्णिमा झाली, दर्या निवला आणि फतेमाऱ्या निघाल्या. आमच्या गावात एक रीत होती. बंदरावर नारळ फोडल्यावर प्रत्येक खलाशी सगळ्यांसमोर सांगायचा, मी अमक्याच्या आधी येईन. कुणी म्हणे शिमग्याच्या आधी, कुणी म्हणे आंबा उतरायच्या आधी. याला आम्ही बोल म्हणायचो. तो बोल सरेपर्यंत त्या माणसाला गेला म्हणायचं नाही, त्याच्या नावानं काही करायचं नाही, त्याच्या बायकोच्या कपाळाकडं बघायचं नाही. ह्यांची पाळी आली. हे माझ्याकडं बघून डोळे मिचकावत म्हणाले, "करवंदीची वई दाट व्हायच्या आधी येईन." सगळं बंदर हसलं. एका मोसमाची सफर आणि चार वर्षांचा बोल! सासरे म्हणाले, "चेष्टा नको रे दर्यासमोर." पण बोललेलं बोलून झालं होतं.

कार्तिकात काठेवाडच्या किनाऱ्याला मोठं तुफान झालं. मार्गशीर्षात दुसरी एक फतेमारी परत आली, तिच्या तांडेलानं आमच्या पडवीत बसून सांगितलं. तुफानाच्या आदल्या दिवशी त्यांनी ह्यांची फतेमारी पाहिली होती, नंतर कुणीच पाहिली नाही. शिडाची काठी तेवढी किनाऱ्याला लागली. सासऱ्यांनी त्याला पाणी दिलं, गूळ दिला, दारापर्यंत पोचवलं. मग ते कोपऱ्यातली पहार घेऊन मागच्या दारानं बाहेर पडले.

मी पोचेपर्यंत एक घाव बसला होता. मादीच्या पाठीला आडवी चीर गेली होती आणि आतलं ओलं, लाल मांस हलत होतं. "तुमच्यामुळं! तुमच्यामुळं!" असं ते कासवांना ओरडत होते. दुसऱ्या घावाला पहार वर गेली तेव्हा मी त्यांच्या मनगटाला कडकडून चावले. त्यांनी कोपर माझ्या तोंडावर हाणलं, माझा एक दात तिथंच पडला. मी चिरा उचलला आणि त्यांच्या वाकड्या गुडघ्यावर घातला. लाज वाटत नाही सांगायला. दुसरीकडं मारून ते पडले नसते. ते पडले, मीही पडले, आणि आम्ही दोघं कातळावर एकमेकांचे केस धरून रडत होतो, मारत होतो.

दमल्यावर त्यांचं लक्ष मादीकडं गेलं. ते सरकत तिच्यापाशी गेले आणि चिरेच्या कडेनं बोट फिरवलं.

"राळ आण गो," ते म्हणाले. "तेल आण. नि कापूस."

गलबताची फळी उकलली की फटीत कापूस ठासून वर तेलात कढवलेली राळ ओततात. हे काम त्यांनी आयुष्यभर केलं होतं. तसंच त्यांनी केलं. राळ आधी आपल्या मनगटावर, जिथं मी चावले होते तिथं लावून पाहिली. चटका बसेनासा झाला तेव्हा चीर बुजवली. ते कवच पुढं कधी उकललं नाही. त्या दिवसानंतर त्यांनी कासवांना हात लावला नाही. मला मारायचं थांबलं असं मात्र नाही, आणि मीही उलटून मारत होते. त्या घरात दुःख करायची दुसरी कुठली भाषा आम्हा दोघांना येत नव्हती.

होळी झाली आणि भावकी आली. पुढं चुलत सासरे. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि घराण्यातल्या मेलेल्या माणसाचं क्रियाकर्म झाल्याशिवाय मांडव घालता येत नव्हता. "आता हिचां कुंकू उतरवा नि पोराचां करून टाका," ते म्हणाले. मी दारामागं उभी होते. माझा हात कपाळावर गेला. कुंकू म्हणजे काय हो, बोटभर लाल पूड. पण ते कपाळावर होतं तोवर हे कुठल्यातरी किनाऱ्यावर, कुठल्यातरी माणसाच्या पडवीत बरे होत पडले होते. ते पुसलं की हे मेले. मला तेवढंच हवं होतं, ह्यांनी मरू नये.

सासरे उठले, काठी टेकत चुलत सासऱ्यांच्या छातीशी जाऊन उभे राहिले. "माझ्या पोरानं बंदरावर बोल दिलाय. वई दाट झाली काय? जा, बघ मागं जाऊन. तोवर माझ्या सुनेच्या कपाळाला जो हात लावील त्याचा हात मी तोडीन."

बोल मोडायची कुणाची छाती नव्हती. शेवटी ठरलं, दर वर्षी पावसाळा सरला की भावकीनं येऊन वई बघायची. काठी खुपसायची. कुठूनही आरपार गेली नाही तर वई दाट झाली, बोल सरला. चुलत सासरे पाय आपटत गेले. मुलीचं लग्न त्यांनी दूर देवळात, मांडव न घालता उरकलं, आणि आमच्याशी बोलणं टाकलं.

पहिल्या वर्षी वई गुडघाभर होती. दुसऱ्या वर्षी कमरेइतकी. तिसऱ्या वर्षी तिन्ही बाजूंनी अशी भरली की चिमणी आत जाईना. फक्त पश्चिमेला, निवडुंगाच्या मागं, हातभर फट राहिली. भावकीची काठी तिथून आरपार गेली. मी सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच स्वतःचाच राग आला, कारण त्या फटीतून कुत्रंही सहज गेलं असतं. मी तिथं नवी रोपं लावली. ती मेली. पुन्हा लावली, पुन्हा मेली. शेजारणीची गाय खाते असं धरून मी गाईला बडवलं, शेजारीण भांडायला आली तर तिच्या झिंज्या उपटल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसली गत. चौथ्या वर्षीही फट तशीच. भावकी आली, काठी खुपसून, शिव्या घालून गेली.

रोपं तिथंच का मरतात, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पण मला त्याचं उत्तर नको होतं.

पुढच्या ज्येष्ठात, एका दुपारी, मी खाडीवर तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला गेले होते. परत येताना लांबूनच गुरगुर ऐकू आली. टोपली टाकून धावले. तीन कुत्री फटीतून आत शिरली होती. मादी उलटी पडली होती. राळेनं बुजवलेली पाठ शाबूत होती, तिला काही झालं नव्हतं. पाय आणि मान मात्र उरली नव्हती. तिला गवती चहाच्या ठोंबातून ओढून काढलं होतं, पानं सगळीकडं रक्तात लोळत होती. मी कोयता घेऊन आत उडी मारली. एक कुत्रं मी तिथंच तोडलं. दुसऱ्याच्या पाठीवर वार बसला, ते केकाटत पळालं. तिसरं माझ्या पोटरीचा लचका घेऊन गेलं. नर ओट्याच्या छपराखाली कवचात शिरून बसला होता. मी त्याला उचलून पोटाशी धरलं आणि फटीपाशी गेले.

तिथं मी त्याच आठवड्यात लावलेली करवंदीची रोपं उपटून निवडुंगाच्या मागं टाकलेली होती. गाईनं खाल्लेली नव्हेत, उपटलेली. मुळं चिरडलेली. आणि मी पाणी घातलेल्या ओल्या मातीत काठीच्या लोखंडी टोकाची भोकं, एका बाजूला जास्त खोल, वाकड्या पायाचा माणूस टेकतो तशी.

कुंपणानंच शेत खाल्लं होतं. मी घरात गेले. सासरे पडवीत बसले होते. मी त्यांचीच काठी ओढून घेतली आणि त्यांना मारलं. खांद्यावर, पाठीवर, हातांवर. "मारलंत ना शेवटी तिला? चार वर्षं थांबून मारलंत!" ते ओरडले नाहीत. हात आडवा धरला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस मुकाट मार खात होता. काठी त्यांच्या तळव्यावर बसली तेव्हा तो उघडला, आणि मला दिसलं. दोन्ही तळवे करवंदीच्या काट्यांनी भरले होते. जुने काटे आत पिकून काळे पडलेले, नवे लाल.

"ती फट बुजली तर माझा पोर मेला गो," ते म्हणाले. "नि तुझां कुंकू गेलां. मी काय करू सांग?"

काठी माझ्या हातातून गळली. मी त्यांच्यासमोर बसले, सुई आणली आणि एकेक काटा काढायला घेतला. संध्याकाळ होईतो काटे निघत राहिले. मला त्यांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटत होतं आणि त्यांचा गळा दाबावासाही वाटत होता. दोन्ही खरं होतं.

सकाळी मी कुदळ घेतली. पाऊस लागायच्या बेतात होता. कातळावरून मोठी, मुळाशी माती असलेली करवंदीची झुडपं आणली आणि त्या फटीत एकाला एक लावून रोवली. अधेमधे निवडुंगाचे फडे. सासरे काठी टेकत आले. आधी शिव्या दिल्या. मग दगड मारला, तो माझ्या पाठीत बसला. मग हात जोडले. "नको गो. एवढी फट ऱ्हाऊंदे." त्यांनी हात जोडलेले मला बघवले नाहीत. पण मी थांबले नाही. "मामंजी," मी म्हटलं, "त्या फटीतून तुमचा पोर येणार नाय. कुत्री येतायत. त्यानं दोन जीव दिले होते, एक गेला. दुसरा मी जाऊ देणार नाय."

तो पावसाळा कसा गेला ते मलाच ठाऊक. मी पावसात इरलं घेऊन वईपाशी बसायची, कोयता मांडीवर. ते मागच्या पडवीत बसायचे, माझ्यावर डोळा ठेवून. मी जेवायला उठले की तेही उठायचे. दोनदा आमची त्या चिखलात झटापट झाली. श्रावणात झुडपांना नवी फूट आली, ती मी रोज बोटानं चाचपून बघायची. माझ्याच हातानं मी ह्यांचा दरवाजा लावत होते. भाद्रपदापर्यंत फांद्या एकमेकींत शिरल्या.

दसऱ्यानंतर भावकी आली. चुलत सासरे काठी घेऊन वईभोवती फिरले. एक फेरा. दुसरा फेरा. पश्चिमेच्या कोपऱ्यात त्यांनी सगळा जोर लावला, काठी आरपार गेली नाही, मोडली. त्यांनी हातातला तुकडा खाली टाकला. सासऱ्यांनी पहार उचलली आणि त्यांच्या अंगावर गेले. चौघांनी धरलं तेव्हा आवरले. तरी चुलत सासऱ्यांच्या गळ्याचं हाड मोडलंच.

आठव्या दिवशी नदीकाठी विधी झाला. देह नसलेल्या माणसाचा देह पळसाच्या पानांचा करतात. भटजींनी पानं मांडली, दर्भानं बांधली, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. बायकांनी अशा जागी जायचं नसतं, पण मला अडवायला कुणी पुढं आलं नाही. माझं कपाळ सकाळीच मोकळं झालं होतं. दुसऱ्या कुणाचा हात लागू न देता, विहिरीवर, माझ्याच मनगटानं मी ते पुसलं होतं. पानांचा तो पुतळा फार लहान दिसत होता. हे चांगले उंच होते.

भटजींनी पेटती काडी सासऱ्यांच्या हातात दिली. ते ती धरून उभे राहिले. भटजी दोनदा म्हणाले, "अग्नी द्या." ते हलले नाहीत. काडी जळत बोटांपर्यंत आली. मग त्यांनी मान वळवून मला शोधलं. जन्मात ज्यानं मला कशाचीही परवानगी विचारली नव्हती, तो माणूस सगळ्या भावकीसमोर मला विचारत होता, "तू सांग गो. देऊ?"

मी माणसांना बडवलं आहे, जनावरं मारली आहेत, त्या थोरल्या माणसाच्या मोडक्या गुडघ्यावर दगड घातला आहे. पण तेव्हा मला जे करावं लागलं त्यापुढं ते काहीच नव्हतं.

मी म्हटलं, "द्या."